जीनोमच्या सातबाऱ्यावर पीक-पाहणीचा रकाना कोराच

हरभरा, ऊस, भात आणि माणूस यांच्या जनुकांची अक्षरे वाचणे आता स्वस्त झाले आहे. त्या अक्षरांना अर्थ देणारी शेतातली आणि दवाखान्यातली नोंद मात्र अजून महाग आहे, आणि दुर्लक्षितही.

देवळाली प्रवरा आणि राहुरी तालुक्यातील आसपासची गावे म्हणजे पाटपाण्याचा, उसाचा पट्टा. तरीही खरिपाचे सोयाबीन निघाले की अनेक रानांत रब्बीचा हरभरा पडतो. हरभरा पेरणाऱ्याची चिंता ठरलेली असते: मर. पीक हिरवेगार दिसत असते आणि एखाद्या आठवड्यात इथे-तिथे झाडे मान टाकू लागतात. खोड उभे चिरले तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. फ्युजारियम नावाच्या बुरशीने झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद केलेल्या असतात. ही बुरशी रानात हरभरा नसतानाही वर्षानुवर्षे जमिनीत तग धरते. झाड सुकू लागल्यावर फवारणीचा उपयोग होत नाही. फेरपालट, बीजप्रक्रिया आणि मुख्य म्हणजे मर सोसणारे वाण, एवढेच उपाय हाती उरतात.

दुसरीकडे, जीनोमच्या बातम्या मोठ्या मथळ्यांनी येत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकीय नोंदी संशोधकांसाठी खुल्या झाल्या. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा केली. अशा बातम्या वाचून शेतकऱ्याच्या आणि रुग्णाच्या मनात एकच प्रश्न येतो: याचा आम्हाला उपयोग कधी? त्याचे उत्तर प्रयोगशाळेतील यंत्रांपेक्षा शेतात आणि दवाखान्यात ठेवल्या जाणाऱ्या नोंदींवर अधिक अवलंबून आहे.

अक्षरे वाचली, अर्थ कुठे आहे?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएचा धागा असतो आणि त्यावर चार रासायनिक अक्षरांचा क्रम असतो. माणसात ही अक्षरे सुमारे ३०० कोटी आहेत, हरभऱ्यात सुमारे ७४ कोटी, तर उसात १,००० कोटींच्या घरात. हा क्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणे म्हणजे जीनोमचे क्रमवाचन. मानवी जीनोमचा पहिला प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि त्यावर अब्जावधी डॉलर खर्च झाले. त्यातही काही जागा वाचायच्या राहिल्या होत्या. त्या २०२२ मध्ये भरल्या गेल्या. आज एका माणसाचा जीनोम काही दिवसांत, काही हजार रुपयांत वाचता येतो.

पण नुसता क्रम म्हणजे अर्धाच सातबारा. त्यावर गट क्रमांक आहेत, क्षेत्र आहे, परंतु पीक-पाहणीचा रकाना कोरा आहे. कोणत्या गटात काय पिकते, कुठे पाणी लागते, कुठे खारपड आहे, हे रानात जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. जनुकांचेही तसेच. अमुक ठिकाणी एका वाणात एक अक्षर आणि दुसऱ्यात वेगळे, एवढे यंत्र सांगते. त्या फरकाने झाड मर सोसते की नाही, हे झाड वाढवून आणि रोगाला सामोरे ठेवूनच कळते.

राहुरीच्या रानातला धडा

या गोष्टीचे उत्तम उदाहरण राहुरी तालुक्यातच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘विजय’ हा हरभऱ्याचा वाण १९९० च्या दशकापासून मर सोसणारा म्हणून ओळखला जातो. ‘जेजी-६२’ हा दुसरा वाण मात्र मर रोगाला चटकन बळी पडतो. विद्यापीठातील कडधान्य संशोधक आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी या दोघांच्या संकरातून निघालेल्या संततीवर काम केले. विद्यापीठांकडे मर रोगाची बुरशी मुद्दाम मुरवलेली जमीन राखलेली असते. अशा जमिनीत प्रत्येक ओळीतील झाडे लावायची, किती दिवसांत किती मेली याची मोजदाद करायची आणि त्याच झाडांचा डीएनए प्रयोगशाळेत तपासायचा, अशी ही पद्धत. या दोन याद्या जुळवून मर प्रतिकाराची जनुके गुणसूत्रावर साधारण कुठे आहेत ते ठरवता आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा हरभऱ्याचा संपूर्ण जीनोम वाचलेलाही नव्हता. तो हैदराबादजवळील पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१३ मध्ये वाचला गेला आणि त्यात सुमारे २८ हजार जनुके आढळली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच संस्थेच्या पुढाकाराने ३,३६६ हरभऱ्यांचे जीनोम प्रसिद्ध झाले: ३,१७१ लागवडीखालील आणि १९५ रानटी. क्रमवाचनाच्या या झेपेमुळे, पूर्वी ज्या जागा अंदाजाने सांगितल्या जात, त्या आता नेमक्या सांगता येतात. पण सांगायचे काय, हे मर लागलेल्या रानातील मोजदादच ठरवते.

त्याचे फळही मिळाले आहे. कर्नाटकात अनेक वर्षे पेरला जाणारा ‘अण्णिगेरी-१’ हा हरभरा चवीला आणि उत्पन्नाला चांगला, पण मर रोगापुढे कमकुवत. रायचूरच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅटने ‘डब्ल्यूआर-३१५’ या वाणातील प्रतिकाराचा जनुकीय तुकडा त्यात आणला. दर पिढीत रोपे लहान असतानाच डीएनए तपासून हवी ती रोपे निवडली. २०१९ मध्ये ‘सुपर अण्णिगेरी-१’ पुढे आला. हा साधा संकरच आहे. बाहेरचे जनुक त्यात घातलेले नाही. फक्त निवड डोळ्यांऐवजी खुणेवरून केली आणि काही वर्षे वाचली.

हरभऱ्याच्या वंशावळीतला इशारा

२०२१ च्या त्या अभ्यासात उत्क्रांतीचाही एक धागा हाती लागतो. लागवडीचा हरभरा आणि त्याचा रानटी पूर्वज यांची वाट सुमारे १२,६०० वर्षांपूर्वी वेगळी झाली. पश्चिम आशियातील शेतकऱ्यांनी निवडक दाणे पेरायला सुरुवात केली, तसतशी हरभऱ्याची विविधता घटत गेली. सुमारे हजार वर्षांपूर्वी ती तळाला पोहोचली होती आणि गेल्या ४०० वर्षांत लागवड पुन्हा झपाट्याने पसरली, असे जीनोमवरून दिसते. आपण आज जो हरभरा खातो तो मोजक्या घराण्यांतून आलेला आहे. पीठ चांगले, दाणा टपोरा, पण रोगाशी लढण्याचे बरेच सामान वाटेत गळून गेले.

म्हणून त्या १९५ रानटी नमुन्यांचे महत्त्व मोठे आहे. आणि म्हणूनच याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कोंभाळणे गावी पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी उभी केलेली गावठी बियाण्यांची बँक हे भविष्याचे साधन आहे. तिच्याकडे केवळ भूतकाळाची आठवण म्हणून पाहणे बरोबर नाही. वाचायला बियाणेच शिल्लक नसेल तर यंत्र काय वाचणार? शिवाय कोणते वाण कमी पावसात टिकते, कोणते लवकर निघते, ही माहिती ज्या शेतकरी बाईच्या डोक्यात आहे, तीच त्या बियाण्याची पीक-पाहणी आहे. ती नोंदवून घेणे हे विज्ञानाचेच काम आहे.

उसाचे गुंतागुंतीचे घराणे

आपल्या पट्ट्यातील मुख्य पीक ऊस. त्याचा जीनोम सगळ्यात शेवटी हाती आला, याला कारण आहे. आजचा ऊस हा शुद्ध जातीचा नाही. गोड, जाड, पण नाजूक ऊस आणि नदीकाठी वाढणारे काटक रानगवत यांच्या संकरातून तो घडला. जावा बेटावरील डच संशोधकांनी आणि कोइमतूर येथील भारतीय केंद्राने हे संकर केले. कोइमतूरचा ‘को २०५’ हा १९१८ मधील वाण त्यातलाच. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. उसात बहुतेकांच्या दहा-बारा असतात, त्याही सारख्या नसतात. एकाच पोथीच्या दहा-बारा प्रती फाडून चिंध्या एका पोत्यात भरल्या तर पुन्हा लावणे जसे अवघड, तसेच हे. ‘आर ५७०’ या वाणाचा तपशीलवार जीनोम अखेर मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तपकिरी तांबेऱ्याला प्रतिकार करणारा प्रसिद्ध तुकडा त्यात नेमका सापडला.

महाराष्ट्रात याची निकड आहे. कोइमतूरच्या संकरातून राहुरी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने निवडलेला ‘को ८६०३२’ म्हणजे ‘नीरा’ हा वाण राज्यातील मोठ्या क्षेत्रावर वर्षानुवर्षे उभा आहे. त्याने शेतकऱ्याला आणि कारखान्याला भरभरून दिले. पण ऊस कांडीने लावला जातो, म्हणजे एका वाणाचे लाखो फड ही एकाच झाडाची नक्कल असते. उत्तर प्रदेशात ‘को ०२३८’ ने असेच राज्य केले होते. लालकूज रोगाने त्याला गाठले आणि तेथील शेतकऱ्यांना घाईने वाण बदलण्याची पाळी आली. नवा वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. जीनोमच्या खुणांनी ती मुदत कमी होऊ शकते, मात्र त्यासाठी हजारो रोपांचे वजन, साखर उतारा, खोडवा आणि रोग यांच्या काटेकोर नोंदी हव्यात. आपल्याकडे कारखान्यांकडे गाळपाच्या नोंदी गटनिहाय असतात. त्या संशोधनाशी जोडण्याची शिस्त उभी राहिली पाहिजे.

भाताची वीस वर्षे

जनुक-संपादनाने घडवलेल्या भातांच्या बातमीतही हेच सूत्र आहे. ‘डीआरआर धान १००’ म्हणजे ‘कमला’ हा वाण हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने ‘सांबा मसुरी’पासून तयार केला. त्यात एका जनुकाचे काम थांबवले आहे. हे जनुक थांबले की लोंबीत दाणे वाढतात. ते कसे कळले? जपानमध्ये जास्त दाण्यांची एक जात आणि कमी दाण्यांची दुसरी जात यांचा संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या लोंबीतले दाणे मोजून. ते संशोधन २००५ मधले. भाताचा संपूर्ण जीनोमही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्यात भारतीय संशोधकांचा वाटा होता. म्हणजे अक्षर कळल्यापासून वाण जाहीर होईपर्यंत वीस वर्षे गेली.

या वाणांवर काही शास्त्रज्ञांनी आणि संघटनांनी आक्षेप घेतले आहेत. बाहेरचे जनुक अंतिम रोपात नसेल तर अशा पिकांना २०२२ पासून जनुकबदल पिकांच्या कडक नियमांतून सूट आहे. ही सूट कितपत योग्य, चाचण्यांची आकडेवारी पूर्णपणे खुली आहे का, संपादनाच्या तंत्राचे परदेशी पेटंट असताना बियाण्याचा हक्क कोणाकडे राहणार, हे प्रश्न रास्त आहेत. त्यांना ‘विज्ञानविरोधी’ म्हणून झटकणे चूक आहे, तसेच सगळ्या संपादनाला ‘विष’ ठरवणेही चूक. निवाडा करायचा तर पुन्हा शेतातील आकडेच लागतात: किती ठिकाणी, किती हंगाम, कोणत्या जमिनीत, किती उतारा. ते आकडे सार्वजनिक झाले तर निम्मा वाद मिटेल.

माणसाचा सातबारा

माणसाच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. ‘जीनोम इंडिया’त देशातील ८३ समाजगटांतील लोकांचे नमुने घेतले गेले. जमेची बाजू अशी की, त्यांची उंची, वजन आणि रक्त तपासण्याही नोंदवल्या आहेत. हे का हवे होते? जगातील बहुतेक जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यावरून बेतलेला धोक्याचा अंदाज आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

आपला इतिहासही वेगळा आहे. सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत निरनिराळ्या लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली, त्यानंतर जातीअंतर्गत विवाहाची कुंपणे घट्ट झाली, असे जनुकांवरून दिसते. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक गट तपासले गेले. त्यांपैकी ८१ गट मोजक्या पूर्वजांपासून इतके वाढलेले होते की, या बाबतीत जगप्रसिद्ध असलेल्या फिनलंडच्या लोकांनाही त्यांनी मागे टाकले. हरभऱ्याचीच गोष्ट. घराणे थोडे, कुंपण घट्ट, मग एखादा दोष पुन्हा पुन्हा समोर येतो. आंध्रातील एका व्यापारी समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाचा परिणाम बराच वेळ उतरत नाही. असा दोष आधी माहीत असेल तर शस्त्रक्रियेतील जीव वाचतो. यात कोणत्याही समाजाला कमीपणा नाही. जवळजवळ प्रत्येक कुंपणात काही ना काही निघते.

सिकलसेल आजारात हे सगळे एकत्र दिसते. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकाच अक्षराचा बदल, आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हा बदल विज्ञानाला १९५० च्या दशकापासून ठाऊक आहे. तो शोधायला संपूर्ण जीनोम वाचावा लागत नाही, साधी रक्त तपासणी पुरते. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या मोहिमेत आदिवासी भागांतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोलीसह मोठा आदिवासी पट्टा यात येतो.

दुसऱ्या टोकाला, जनुक-संपादनाचा सिकलसेलवरील उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाला. काही लोकांच्या रक्तात जन्मानंतरही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन टिकून राहते आणि त्यांना आजाराचा त्रास कमी होतो. डॉक्टरांच्या या जुन्या निरीक्षणाची जनुकीय जागा सापडली आणि त्यातून हा उपचार घडला. म्हणजे इथेही आधी नोंद, मग अक्षर. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या सीएसआयआर संस्थेने स्वदेशी पर्याय विकसित केल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, पण तो गावोगाव पोहोचायला काळ लागेल.

दरम्यान आपल्या जिल्ह्यापुरते पाहू. नगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत आदिवासी भागांतील कुटुंबेही असतात. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम यांनी वेदनेचे झटके येतात. ऊसतोडीत हे तिन्ही आहेत. गावी तपासणी झाली, कार्ड मिळाले, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि हंगामात मजूर चार-पाच महिने इथे आला, तर त्या गोळ्या इथल्या आरोग्य केंद्रात मिळतात का? त्याची नोंद इथल्या डॉक्टरला दिसते का? तोडणीच्या तळावर आजाराची ओळख असलेली आशाताई जाते का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर जगातील सर्वोत्तम क्रमवाचन यंत्रही त्या मजुराच्या कामाचे नाही.

कोविडने हे आपल्याला एकदा शिकवले आहे. पुढे ‘डेल्टा’ झालेल्या घराण्याच्या विषाणूतील बदल महाराष्ट्रातील नमुन्यांत वाचले गेले होते. २४ मार्च २०२१ रोजी केंद्राने सांगितले की, राज्यातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ते दिसत आहेत. अक्षरे हाती होती. पण कोणत्या जिल्ह्यात, कोणाला, किती गंभीर आजार होतो आहे, याच्याशी ती वेळेत जोडली गेली नाहीत. एप्रिलमध्ये काय झाले ते सांगायला नको.

खर्च कुठे करायचा?

यातून धोरणासाठी निष्कर्ष सरळ निघतो. यंत्रे घेणे सोपे असते, उद्घाटनाचा फोटोही छान येतो. मर रोगाचे रान वर्षानुवर्षे राखणे, झाडे मोजणारे कुशल कर्मचारी टिकवणे, पैदाशीचे बियाणे वेळेत शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणे, या गोष्टींचा फोटो येत नाही. कृषी विद्यापीठांतील रिक्त पदे हा म्हणूनच जीनोमचा प्रश्न आहे. शेतकऱ्यांचे वाण नोंदवण्याची सोय २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात आहे. गावठी बियाणे राखणाऱ्यांना तिचा लाभ मिळवून देणे हेही त्यातच येते. आरोग्यात जनुकीय समुपदेशन करणारी माणसे जिल्हा रुग्णालयात हवीत, कारण ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ नीट न सांगितल्यास मुलीचे लग्न मोडते. आणि ज्यांचे रक्त घेतले, त्यांच्या माहितीवर त्यांचा हक्क राहील याची हमी हवी.

वाचकांनीही थोडे सावध राहावे. थुंकीचा नमुना पाठवा आणि कोणता आहार मानवतो ते जाणून घ्या, अशा जाहिराती आता मोबाइलवर येतात. एका अक्षराने ठरणारे आजार थोडे आहेत. मधुमेह, रक्तदाब यांत शेकडो अक्षरांचा किंचित किंचित वाटा असतो आणि त्याच्या जोडीला खाणे, श्रम, झोप असतात. तिथे अशा अहवालापेक्षा साखरेची नियमित तपासणी कितीतरी उपयोगाची. येत्या हंगामात हरभऱ्याचे बियाणे घेतानाही दुकानदाराला एवढे विचारावे: हे वाण कोणत्या विद्यापीठाचे, मर रोगाच्या रानात तपासले आहे का आणि पिशवीवर प्रमाणित बियाण्याची खूण आहे का?